माळव्यातील ख्रिस्ती श्रद्धा : विज्ञान, संस्कृती आणि मानवी प्रतिष्ठा
(शताब्दी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



भोजराजाच्या धारनगरीच्या आणि पवारांच्या देवासच्या संदर्भात ख्रिस्ती श्रद्धेचा विचार करावयाचा, हे प्रथमदर्शनी थोडे अनपेक्षित वाटेल. धार म्हटले की परमारांचा लोहस्तंभ आणि भोजाची विद्यासभा आठवते. देवास म्हटले की चामुंडा आणि तुळजाभवानी यांची टेकडी, थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात नांदलेली दोन राज्ये, आणि अलीकडच्या काळात कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने आठवतात. या चित्रात ख्रिस्ती माणसांना स्थान असलेच तर एखाद्या कोपऱ्यातच असणार, अशी आपली समजूत असते. परंतु इंदूरच्या पश्चिमेकडील धार आणि ईशान्येकडील देवास या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात ख्रिस्ती श्रद्धेने विज्ञानाशी, येथील संस्कृतीशी आणि येथील सर्वांत दुबळ्या माणसाशी जे बोलणे केले, त्याची काही पाने फार मोलाची आहेत. त्यांतील काही अभिमानाची आहेत, काही अडचणीची आहेत. दोन्ही प्रकारची पाने उघडून पाहणे हा ग्रंथालयाचा धर्मच होय.

आरंभी ‘संवाद’ या शब्दाचा थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात मिशनरी आणि शास्त्री यांच्यात पुष्कळ वाद झाले. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी केलेल्या चर्चा प्रसिद्ध आहेत. वादात प्रतिपक्षाचा पराभव हे साध्य असते. उपदेशात एकच पक्ष बोलतो. संवाद या दोहोंहून निराळा आहे, आणि तो खरा आहे की केवळ नावाचा, हे ओळखण्यास दोन कसोट्या पुरेशा आहेत. बोलणाऱ्यास आपली चूक दाखवून घेण्याची तयारी असली पाहिजे, ही पहिली. ऐकणाऱ्यास ‘नाही’ म्हणण्याचे पूर्ण स्वातंत्र्य असले पाहिजे, ही दुसरी. या दोन कसोट्या हाती घेऊन माळव्यातील काही प्रसंग पाहिले, म्हणजे श्रद्धा केव्हा मोठी होते आणि केव्हा लहान होते, हे ध्यानात येते.

पहिला प्रसंग विज्ञानाचा, आणि तो देवासच्या शेजारी उज्जैन येथे सुरू होतो. मराठ्यांचा अंमल माळव्यात स्थिर होण्याच्या आधी जयपूरचे सवाई जयसिंह या प्रांताचे सुभेदार होते. दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी त्यांनी वेधशाळा बांधल्या. भारतीय ज्योतिषगणिताने शून्य रेखांश उज्जयिनीवरून मानलेला, त्यामुळे येथील वेधशाळेस विशेष अर्थ होता. युरोपात दुर्बिणीच्या साहाय्याने वेध घेतले जातात, हे जयसिंहांनी ऐकले होते. १७२७ च्या सुमारास त्यांनी मानुएल द फिगेरेदो या जेझुइट धर्मगुरूंच्या समवेत आपली माणसे पोर्तुगालला धाडली. परत येताना त्यांनी फ्रेंच ज्योतिषी ला हीर यांची ग्रहगणिताची कोष्टके आणली. जयसिंहांच्या पंडितांनी ती कोष्टके प्रत्यक्ष वेधांशी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक आढळला, आणि जयसिंहांच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो फरक स्पष्टपणे नोंदविला गेला. पुढे १७३४ साली चंद्रनगरहून पों आणि बूदिए हे दोन फ्रेंच जेझुइट जयपूरला आले आणि वाटेत ठिकठिकाणचे अक्षांश-रेखांश मोजत आले.

या प्रसंगाचे महत्त्व असे की येथे कोणीच कोणाचा मिंधा नव्हता. हिंदू राजा, इस्लामी परंपरेतील गणित जाणणारे विद्वान आणि ख्रिस्ती धर्मगुरू एकाच आकाशाकडे पाहत होते, आणि कोष्टक चुकले तर ‘चुकले’ असे म्हणण्यास कोणाची हरकत नव्हती. तथापि याच प्रसंगास एक दुसरी बाजू आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचे मत युरोपातील विद्वानांत तोवर रुळले होते. गॅलिलिओवर १६३३ साली चर्चने चालविलेल्या खटल्यास तेव्हा शतक लोटले होते, आणि तरीही कोपर्निकसच्या ग्रंथावरील चर्चची बंदी उठलेली नव्हती. ती निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून गेली ती १८३५ साली. जयसिंहांच्या वेधशाळांत कोपर्निकस, केप्लर आणि न्यूटन यांचे विचार रुजले नाहीत, याला अनेक कारणे असतील. पण ज्यांच्याकरवी युरोपचे ज्ञान येत होते त्यांच्याच घरात त्या ज्ञानाला संकोच होता, ही गोष्ट त्या कारणांतून वगळता येत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी गॅलिलिओच्या बाबतीत चर्चच्या ईश्वरशास्त्रज्ञांची चूक झाल्याची कबुली दिली. कबुली येण्यास साडेतीनशे वर्षे लागली, हे खरे. पण श्रद्धेला चुकीची कबुली देता येते आणि दिल्यानंतरही ती श्रद्धा उरते, हेही त्या दिवशी सिद्ध झाले. उज्जैनची वेधशाळा मध्यंतरी मोडकळीस आली होती. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने तिचे काम पुन्हा सुरू केले, याचे स्मरण या स्थळी उचित होईल.

विज्ञानाचा दुसरा प्रसंग धारचा. तो समजून घेण्यापूर्वी महाराष्ट्रातील एका पत्राकडे वळले पाहिजे. १८७८ साली गोपाळराव जोशी यांनी रेव्हरंड वाइल्डर यांना पत्र लिहिले. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरास मिशनरी होते आणि त्या वेळी अमेरिकेत एक मिशनरी नियतकालिक चालवीत होते. आपल्या पत्नीस अमेरिकेत शिक्षण मिळावे, एवढीच गोपाळरावांची विनंती होती. वाइल्डर यांनी ते पत्र छापले आणि सोबत ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला. जोशी दांपत्याने तो मानला नाही. काही काळाने न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दंतवैद्याकडे बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला, त्यांना मावशीची माया दिली आणि धर्मांतराची अट घातली नाही. आनंदीबाई १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. एक ख्रिस्ती झालेली विदुषी, एक हिंदू राहिलेली डॉक्टर आणि अट न घालता मदत करणारी एक अमेरिकन गृहिणी अशा तिघी एका सभागृहात होत्या. वाइल्डर आणि कार्पेंटर हे दोघेही ख्रिस्तीच होते. एकाने मदतीच्या आधी अट ठेवली, दुसरीने मदत आधी केली. दुसऱ्या कसोटीवर कोण उतरले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता धारकडे यावे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ साली इंदूरला काम सुरू केले. त्या मिशनने माळव्यात जे काही केले, त्यात स्त्री-डॉक्टरांचे काम सर्वांत टिकाऊ ठरले. डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ साली आणि डॉ. मेरियन ऑलिव्हर १८८६ साली इंदूरला आल्या. त्यांच्या पाठोपाठ १८९१ साली डॉ. मार्गारेट ओ’हारा आल्या आणि १८९५ पासून धार हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. ज्या काळी कॅनडातही मुलींनी वैद्यक शिकावे हे अनेकांना रुचत नव्हते, त्या काळी किंग्स्टन येथे त्यांनी पदवी मिळविली होती. धार दरबाराने रुग्णालयासाठी जागा दिली. निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९२७ पर्यंत, त्यांची कारकीर्द मुख्यत्वे धारशीच निगडित राहिली. पुढे १९३१ साली ‘लीफ ऑफ द लोटस’ या नावाने त्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या.

पडद्याच्या प्रथेमुळे पुरुष डॉक्टर ज्या दालनाच्या उंबरठ्यापाशीच थांबत, त्या दालनात या डॉक्टरबाईंना प्रवेश होता. बाळंतपण सुईणीच्या अनुभवावर सोडण्याचा तो काळ होता. सुईणीचे कौशल्य पुष्कळदा मोठे असे. परंतु हात आणि हत्यारे निर्जंतुक केल्याविना होणाऱ्या ज्वराने किती बाळंतिणी दगावत, याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेचा मार्ग १८६७ साली जगापुढे ठेवला होता. कॉख यांनी कॉलऱ्याच्या जंतूचा शोध १८८४ साली कलकत्त्यास पक्का केला होता. हाफकिन यांनी प्लेगची लस १८९७ साली मुंबईत सिद्ध केली होती. हे ज्ञान संस्थानातील सामान्य स्त्रीच्या खाटेपर्यंत पोहोचविणारे हात फार थोडे होते, आणि धारमध्ये ते हात एका ख्रिस्ती स्त्रीचे होते. येथे श्रद्धा आणि विज्ञान यांचे भांडण झालेले दिसत नाही. श्रद्धेने ती डॉक्टर समुद्रापलीकडून धारला आणली आणि विज्ञानाने तिला तेथे काय करावे हे शिकविले. जंतूला जात नसते, हे विज्ञानाने सांगितले, आणि रोग्यालाही ती विचारू नये, हे श्रद्धेने सांगितले. संवत् १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, छप्पन्नचा दुष्काळ माळव्यात पडला, तेव्हा या दुसऱ्या सांगण्याची परीक्षा झाली. घरादाराला पारखी झालेली मुले मिशनने सांभाळली.

परंतु याच दुष्काळापाशी एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि तो टाळता येत नाही. आईबाप गमावलेले मूल मिशनच्या छत्राखाली वाढते आणि ख्रिस्ती होते. त्याने ‘नाही’ म्हटले असते, तर ते त्याला शक्य होते काय? त्या काळच्या मिशन दवाखान्यांत औषध देण्यापूर्वी ओसरीवर शुभवर्तमानाचे वाचन करण्याची सर्वसाधारण रीत होती. तापाने फणफणलेल्या बाळाला कुशीत घेऊन बसलेली स्त्री ते वाचन ऐकत असेल, की केवळ आपला क्रमांक येण्याची वाट पाहत असेल? अनेक मिशनरींच्या मनात लोभ नव्हता, हे मान्य करूनही हा प्रश्न शिल्लक राहतो, कारण तो देणाऱ्याच्या हेतूविषयी नाही, घेणाऱ्याच्या स्वातंत्र्याविषयी आहे. प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या दाराशी अनेकांना दुरून उभे राहावे लागत होते, त्या दाराऐवजी दुसऱ्या दारात आत बसवून घेतले गेले, म्हणून कोणी तिकडे गेले, तर त्याला केवळ ‘आमिष’ म्हणणे हा त्या माणसाच्या बुद्धीचाही अपमान ठरतो. गरिबालाही अंतःकरण असते आणि तोही विचारपूर्वक निवड करतो, हे मानल्याशिवाय त्याच्या प्रतिष्ठेची भाषा पोकळ ठरते.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला. जुन्या मध्य प्रदेशच्या शासनाने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५६ साली मिशनरी कार्यावर कडक टीका करणारा अहवाल दिला. शाळा आणि दवाखाने यांचा धर्मांतरासाठी उपयोग होतो, हा तिचा एक प्रमुख आक्षेप होता. ख्रिस्ती संस्थांनी तो अहवाल एकांगी मानला. १९६८ साली मध्य प्रदेशाने बळ, प्रलोभन आणि फसवणूक यांच्या आधारे होणाऱ्या धर्मांतरास प्रतिबंध करणारा कायदा केला, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात तो वैध ठरविला. धर्माच्या प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा तो निर्णय होता. २०२१ साली त्या कायद्याची जागा नव्या, अधिक कडक कायद्याने घेतली, आणि त्यावरील वाद अद्याप मिटलेला नाही.

या घडामोडींच्या मध्यावर, ७ डिसेंबर १९६५ रोजी, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्यावर एक जाहीरनामा संमत केला. त्याच्या लॅटिन नावाचाच अर्थ ‘मानवी प्रतिष्ठेचे’ असा आहे. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये, कारण सक्ती माणसाच्या प्रतिष्ठेला बाधक आहे, हे तत्त्व त्यात मांडलेले आहे. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला संमत झालेल्या दुसऱ्या जाहीरनाम्यात हिंदू, बौद्ध, इस्लाम आणि यहुदी परंपरांतील सत्यांश आदराने मान्य करण्यात आला. शासनाच्या कायद्याने बाहेरून जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न चर्चने स्वतःला आतून विचारावयास आरंभ केला होता. बाहेरून आलेल्या प्रश्नाने माणूस सावध होतो. आतून आलेल्या प्रश्नाने तो बदलतो.

संस्कृतीच्या संवादाचे उदाहरण मराठी वाचकास दूर शोधावे लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात छापले गेले, आणि त्यासाठी त्याने मराठी संतांची ओवी स्वीकारली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना सामावणारा ‘देवाचा दरबार’ भरविण्याचा प्रयत्न केला. लक्ष्मीबाईंनी मात्र पतीच्या मागे लगेच पाऊल टाकले नाही. पाच वर्षे त्यांनी स्वतःचा विचार केला, आणि तो प्रवास ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात किती निर्मळ विनोदाने उतरला आहे, हे या ग्रंथालयाच्या वाचकांस सांगावयास नको. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तेथील धर्मभगिनींनी त्यांच्याकडून आज्ञापालनाची अपेक्षा केली, तेव्हा एका जोखडातून सुटलेली आपली बुद्धी दुसऱ्या जोखडात घालण्यास त्यांनी नकार दिला. पुढे त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून मूळ ग्रंथावरून बायबलचे मराठी भाषांतर केले. श्रद्धा स्वीकारल्यानंतरही ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य राखणारी ही माणसे मराठी भाषेने दिलेली आहेत.

देवासचा या प्रकरणातील वाटा थोडा आडवळणाचा आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२ च्या अखेरीस प्रथम देवासला आले, आणि १९२१ साली काही महिने थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचे खासगी कार्यवाह होते. या आठवणी ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ च्या पुस्तकात आहेत. फॉर्स्टर जन्माने ख्रिस्ती, पण तरुणपणीच त्यांचा त्या श्रद्धेवरचा विश्वास उडालेला होता. देवासच्या राजवाड्यातील गोकुळअष्टमीचा उत्सव त्यांनी कुतूहलाने, कधी वैतागाने आणि अखेरीस काहीशा नम्रतेने पाहिला. त्यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या १९२४ च्या कादंबरीचा शेवटचा भाग याच उत्सवावर आधारलेला आहे.

त्या कादंबरीच्या आरंभी दोन मिशनरी येतात. ईश्वराच्या घरी सर्व माणसांना जागा आहे, असे ते शिकवितात. त्यांना विचारले जाते की मग माकडांचे काय? तरुण मिशनरी माकडांना आनंदाने आत घेतो. कोल्ह्यांपाशी तो थोडा अडखळतो. गांधीलमाशीपर्यंत येता येता तो अस्वस्थ होतो, कारण कोणाला तरी बाहेर ठेवावेच लागेल, नाहीतर आपल्यापाशी काहीच उरणार नाही, अशी त्याची भीती असते. कादंबरीच्या शेवटी, गोकुळअष्टमीच्या रात्री, नारायण गोडबोले हे दक्षिणी ब्राह्मण प्राध्यापक टाळांच्या गजरात तुकारामांचे नाम आळवीत असतात. तेव्हा त्यांच्या मनात एक वृद्ध ख्रिस्ती इंग्रज बाई येते, आणि तिच्या मागोमाग एक गांधीलमाशी येते. दोघींनाही ते प्रेमाने जवळ करतात. मिशनरीला जे जमले नाही, ते गोडबोल्यांना जमले. तथापि फॉर्स्टर येथे थांबत नाहीत. गांधीलमाशी जिच्यावर बसलेली असते त्या दगडालाही कवेत घेण्याचा प्रयत्न गोडबोले करतात, आणि तेथे त्यांनाही यश येत नाही. प्रत्येक श्रद्धेच्या प्रेमाला कोठे तरी एक दगड आडवा येतो, हे त्या लेखकाने देवासमध्ये पाहिले. गोडबोल्यांच्या समाजातही त्या काळी अनेक माणसांना देवळाच्या बाहेर उभे राहावे लागत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रसंगाचा अर्थ पुरता होतो. ईश्वराच्या घरी कोणाला जागा आहे, हा प्रश्न दोन्ही परंपरांना सारखाच लागू आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी देता येत नाही. देवास जिल्ह्यात ते एकदा शब्दांविना दिले गेले.

देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, डोंगराळ प्रदेशात, उदयनगर नावाचे गाव आहे. १९९२ साली तेथे सिस्टर राणी मारिया आल्या. त्यांचा जन्म केरळातील पुल्लुवळी येथे २९ जानेवारी १९५४ रोजी एका शेतकरी कुटुंबात झाला होता. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या त्या धर्मभगिनी होत्या, आणि उदयनगरला येण्यापूर्वी त्यांनी बिजनौर व सतना भागात काम केले होते. उदयनगरच्या आसपासचे आदिवासी शेतमजूर सावकारी कर्जात अडकलेले होते. त्यांना सरकारी योजना आणि बँकेचे कर्ज मिळवून देणे, बचतगट उभे करणे, मजुरीचा हिशेब समजावून सांगणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. यात चमत्कार काही नव्हता. माणसाला स्वतःच्या कर्जाचा आकडा वाचता यावा, एवढीच त्यातील क्रांती होती. परंतु ज्यांचा व्यवहार त्या अज्ञानावर चालतो, त्यांना एवढी क्रांतीही पुरेशी घातक वाटते.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी सकाळी सिस्टर राणी मारिया उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये बसल्या. वाटेतील जंगलात एका तरुणाने प्रवाशांच्या देखत त्यांच्यावर चाकूने वार केले. पन्नासहून अधिक जखमा होऊन त्यांनी रस्त्याच्या कडेला प्राण सोडला. बसमधील कोणीही पुढे झाले नाही. त्या वेळी त्यांचे वय एक्केचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या कामामुळे दुखावलेले हितसंबंध हे हत्येमागील कारण मानले गेले. मारेकऱ्यास न्यायालयाने जन्मठेपेची शिक्षा दिली.

येथे कथा संपली असती, तर ती अन्यायाच्या अनेक कथांपैकी एक झाली असती. परंतु राणी मारिया यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, याही त्याच संघाच्या धर्मभगिनी होत्या. नरसिंहपूर भागात काम करणारे आणि स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्या कैद्यास तुरुंगात जाऊन भेटत असत. २००२ साली, रक्षाबंधनाच्या सणानिमित्त, सिस्टर सेल्मी इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि बहिणीचा प्राण घेणाऱ्या त्या हातावर त्यांनी राखी बांधली. पुढे त्यांच्या कुटुंबाने आणि संघाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, आणि २००६ साली तो सुटला. त्यानंतर तो केरळात त्या कुटुंबाला भेटण्यास गेला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांना चर्चने ‘धन्य’ घोषित केले. संतपदाच्या वाटेवरील ही एक पायरी आहे. त्या समारंभास तोही उपस्थित होता.

या घटनेतील राखीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. वैऱ्याला क्षमा करावी, ही आज्ञा ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यात आहे. परंतु तुरुंगातील त्या माळवी तरुणास ती आज्ञा प्रवचनातून ऐकविली असती, तर ती परक्या भाषेत ऐकविल्यासारखी झाली असती. केरळातून आलेल्या त्या धर्मभगिनीने त्याला समजेल अशी, त्याच्या आईबहिणींनी वर्षानुवर्षे जपलेली भाषा निवडली. राखी हे काही ख्रिस्ती चिन्ह नव्हे. ती बांधताना सेल्मी पॉल यांनी आपली श्रद्धा सोडली नाही आणि त्या तरुणाकडे त्याची श्रद्धा सोडण्याची मागणी केली नाही. ख्रिस्ती क्षमा आणि हिंदू घरातील बहीण-भावाचे नाते यांची गाठ एका सुताने पडली. संस्कृतीशी संवाद म्हणून जे शेकडो परिषदांतून बोलले जाते, ते तेथे प्रत्यक्ष झाले.

मानवी प्रतिष्ठेचा अर्थही तेथे अधिक खोल झाला. कर्जबाजारी मजुराची प्रतिष्ठा राखली पाहिजे, हे आज बहुतेकांना तत्त्वतः मान्य असते. खुन्याचीही प्रतिष्ठा उरते काय, असे विचारले म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांची अवस्था कादंबरीतील त्या तरुण मिशनरीसारखी होते; गांधीलमाशीपाशी आपण थांबतो. न्यायालयाने अपराध ठरविला आणि शिक्षा दिली, ते योग्यच होते. क्षमेने अपराध पुसला जात नाही. परंतु एका दुष्कृत्यापलीकडेही तो माणूस उरलेला आहे, हे त्या राखीने सांगितले. आणि त्यालाही राखी नाकारता आली असती, हे विसरू नये. मनगट पुढे करणे वा न करणे त्याच्या हाती होते. दुसरी कसोटी अशी तुरुंगाच्या भिंतींआडही पाळली गेली.

उज्जैनच्या वेधशाळेपासून उदयनगरच्या रस्त्यापर्यंतचा हा प्रवास एका निष्कर्षाकडे नेतो. श्रद्धा विज्ञानासमोर उभी राहते तेव्हा तिची परीक्षा नम्रतेत असते. कोष्टक चुकले हे तिला ऐकून घेता आले पाहिजे. ती संस्कृतीसमोर उभी राहते तेव्हा तिची परीक्षा भाषेत असते. समोरच्याची बोली तिने आपलीशी केली पाहिजे. आणि ती दुबळ्या माणसासमोर उभी राहते तेव्हा तिची परीक्षा तिच्या हातात असते. देणारा हात घेणाऱ्याच्या मानेवर पडता कामा नये. या परीक्षा ख्रिस्ती श्रद्धेपुरत्याच नाहीत. माळव्यात नांदणाऱ्या प्रत्येक श्रद्धेने, आणि श्रद्धा न मानणाऱ्यांनीही, त्यांना सामोरे जावयाचे आहे. धारच्या रुग्णालयाचे ऋण मान्य करताना ओसरीवरील वाचनाचा प्रश्न विसरू नये, आणि तो प्रश्न विचारताना आपल्या दाराबाहेर कोण उभे होते, हेही विसरू नये.

भोजराजाच्या नावावर वास्तुशास्त्राचा ‘समरांगणसूत्रधार’ आहे, योगसूत्रांवरील भाष्य आहे आणि काव्यशास्त्राचे ग्रंथही आहेत. यंत्रविद्या, अध्यात्म आणि रसविचार यांना त्या धारनगरीत वेगवेगळी कुंपणे नव्हती. मराठी ग्रंथालयाने शंभर वर्षे हेच काम आपल्या परीने केले आहे. त्याच्या कपाटात तुकारामांच्या गाथेशेजारी ‘ख्रिस्तपुराण’ असू शकते, त्याच्याशेजारी ज्योतिषाचे कोष्टक आणि ‘स्मृतिचित्रे’ असू शकतात, आणि कोणते पुस्तक घ्यावयाचे हे सभासद ठरवितो. काही घेण्याचे आणि काही परत ठेवण्याचे ते स्वातंत्र्य पुढील शतकातही या दालनात अबाधित राहावे, एवढ्या शुभेच्छेने हे विवेचन पुरे करणे योग्य होईल.